जोडताऱ्यांचे द्विनेत्री निरीक्षण : उरायासुच्या उजळ आकाशात

आकाशात एकमेकांच्या अगदी निकट दिसणाऱ्या दोन ताऱ्यांना जोडतारा म्हणतात. नुसत्या डोळ्यांना एकच भासणारा प्रकाशबिंदू दुर्बिणीतून दोन बिंदूंत विलग होणे, हा आकाशनिरीक्षणातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत साध्या आनंदांपैकी एक आहे. त्यासाठी मोठी दुर्बीण, वेधशाळा किंवा काळोखे रान लागतेच असे नाही. हातात मावणारी द्विनेत्री दुर्बीण, एक तिपाई आणि थोडी चिकाटी एवढ्यावर वर्षभरात वीस-पंचवीस जोडतारे पाहता येतात. तेजोमेघ, दीर्घिका आणि आकाशगंगा शहरी प्रकाशात हरवतात. जोडतारे मात्र त्या प्रकाशालाही पुरून उरतात. म्हणूनच टोकियोच्या उंबरठ्यावरील उरायासुसारख्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा छंद विशेष सोयीचा ठरतो.

जोडतारा म्हणजे काय

जोडताऱ्यांचे दोन प्रकार आहेत. काही जोड्यांतील तारे परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेले असून समाईक केंद्राभोवती फिरतात. अशा जोड्यांना द्वैती तारे म्हणतात. दुसऱ्या प्रकारात दोन तारे पृथ्वीवरून जवळजवळ एकाच दिशेला दिसतात, एवढाच त्यांचा संबंध असतो. प्रत्यक्षात त्यांच्यात शेकडो प्रकाशवर्षांचे अंतर असू शकते. ही भासमान जोडी होय.

अठराव्या शतकापर्यंत जवळपास सर्वच जोड्या भासमान असाव्यात, असा समज होता. १७६७ मध्ये जॉन मिचेल याने संभाव्यतेच्या गणिताने दाखवून दिले की, आकाशात दिसणाऱ्या निकटच्या जोड्यांची संख्या निव्वळ योगायोगाने समजावण्यापेक्षा फार मोठी आहे. विल्यम हर्शेल याने १७७९ पासून जोडताऱ्यांचा पद्धतशीर शोध घेतला आणि १८०३ मध्ये काही जोड्यांतील तारे परस्परांभोवती खरोखरच फिरत असल्याचे निरीक्षणांच्या आधारे जाहीर केले. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरही लागू पडतो, याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता. १८२७ मध्ये फेलिक्स सावारी याने सप्तर्षी तारकासमूहातील झाय या जोडीची कक्षा गणिताने निश्चित केली. आज अमेरिकेच्या नौदल वेधशाळेने सांभाळलेल्या जोडताऱ्यांच्या सूचीत दीड लाखाहून अधिक नोंदी आहेत.

जोडीचे वर्णन मुख्यतः तीन गोष्टींनी होते. पहिली म्हणजे दोन ताऱ्यांतील कोनीय अंतर. एका अंशाच्या साठाव्या भागाला कला आणि कलेच्या साठाव्या भागाला विकला म्हणतात. पूर्णचंद्राचा व्यास सुमारे ३० कला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक ताऱ्याची प्रत. प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा अधिक तेजस्वी. तिसरी गोष्ट स्थितिकोन, म्हणजे मुख्य ताऱ्यापासून साथीदार कोणत्या दिशेला आहे हे उत्तरेकडून पूर्वेकडे मोजून सांगणारा कोन.

उरायासुचे आकाश

उरायासु हे चिबा प्रांतातील शहर टोकियोच्या एदोगावा विभागाला लागून, जुन्या एदो नदीच्या पूर्व तीरावर आणि टोकियो उपसागराच्या काठी वसले आहे. नदीपलीकडे निशिकासाई आणि त्याच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे. एकेकाळी हे शिंपल्यांवर आणि समुद्रशैवालावर जगणारे कोळ्यांचे गाव होते. १९६० च्या दशकात समुद्रात भराव घालण्यास आरंभ झाला, १९७१ मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे हक्क पूर्णपणे सोडले, आणि आजच्या शहराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या भरावाच्या जमिनीवर उभा आहे. जिथे पूर्वी होड्या ताऱ्यांकडे पाहून परतत, तिथे आज उंच इमारती, हमरस्ते आणि १९८३ मध्ये सुरू झालेले टोकियो डिस्नेलँड आहे.

साहजिकच येथील रात्र उजळ आहे. पश्चिमेला टोकियोचा झगमगाट, नैर्ऋत्येला उपसागरापलीकडे हानेदा विमानतळ, तर उत्तरेला व ईशान्येला इचिकावा आणि फुनाबाशी यांचे दिवे आहेत. स्वच्छ रात्रीही तिसऱ्या प्रतीपलीकडचे तारे नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतात. सप्तर्षीतील अत्री हा ३.३ प्रतीचा ताराही अनेकदा शोधावा लागतो.

या प्रकाशातही जोडतारे टिकून राहतात, याचे कारण साधे आहे. दुर्बिणीचे विवर्धन वाढले की, आकाशाची पार्श्वभूमी पसरून काळवंडते; तारा मात्र बिंदूच राहतो. शिवाय ५० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग डोळ्याच्या बाहुलीपेक्षा पन्नास ते शंभर पट अधिक प्रकाश गोळा करते. त्यामुळे उरायासुच्या आकाशातही सातव्या-आठव्या प्रतीपर्यंतचे तारे द्विनेत्रीतून दिसू शकतात. चंद्रप्रकाशाचाही या निरीक्षणाला फारसा अडसर होत नाही.

निरीक्षणाच्या जागा दोन. पहिली घराची गॅलरी. जपानी सदनिकांच्या गॅलऱ्या शक्यतो दक्षिणेकडे तोंड करून बांधलेल्या असतात. तेथून वृश्चिक, मकर, मृग आणि शशक हे तारकासमूह चांगले दिसतात, पण डोक्यावरचे आणि उत्तरेचे आकाश छताआड जाते. दुसरी जागा समुद्रकिनारा. आकेमी भागातील शहराचे सोगो उद्यान आणि ताकासु सागरकिनारा उद्यान येथून दक्षिणेचे क्षितिज पाण्यापर्यंत मोकळे मिळते, आणि माथ्यावरचे आकाशही. गॅलरीतून पाहताना एक पथ्य अवश्य पाळावे: दुर्बीण समोरच्या इमारतीच्या पातळीवर कधीही आणू नये. दाट वस्तीत अंधारात दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाविषयी गैरसमज व्हायला वेळ लागत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून, शक्य झाल्यास एखादी जोडी त्यांनाही दाखवणे, हा उत्तम उपाय.

हवामानाचे गणित भारतापेक्षा निराळे आहे. जून आणि जुलैच्या पूर्वार्धात त्सुयु हा पावसाळी काळ असतो, उन्हाळ्यात दमट धुके आणि पुढे वादळे येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात मात्र जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावर कोरडी, स्वच्छ आणि दीर्घ रात्र मिळते. त्या दिवसांत वरच्या हवेतील वेगवान वाऱ्यांमुळे तारे फार लुकलुकतात. मोठ्या दुर्बिणीला त्याचा त्रास होतो, पण द्विनेत्रीच्या कमी विवर्धनात तो जेमतेम जाणवतो.

साधनांची निवड

द्विनेत्रीवर ७×५०, ८×४२ किंवा १०×५० असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा विवर्धनाचा, दुसरा वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. ५० मिलिमीटरचे भिंग सिद्धांततः सुमारे अडीच विकलांवरचे तारे विलग करू शकते. पण द्विनेत्रीत खरी मर्यादा भिंगाची नसून विवर्धनाची असते. निरोगी डोळ्याला दोन बिंदू सहजपणे वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण चार कला, म्हणजे २४० विकला अंतर लागते. म्हणून २४० ला विवर्धनाने भागावे. येणारा आकडा ही त्या द्विनेत्रीची व्यावहारिक मर्यादा होय. ७ पट विवर्धनाला सुमारे ३५ विकला, ८ पटीला ३०, १० पटीला २४ आणि १५ पटीला १६ विकला. हा हिशेब दोन्ही तारे साधारण सारख्या तेजाचे असताना लागू पडतो. एक तारा फार तेजस्वी आणि दुसरा मंद असेल, तर मंद तारा पहिल्याच्या झळाळीत बुडतो आणि अधिक अंतर लागते.

शहरासाठी १०×५० किंवा १०×४२ ही निवड समतोल ठरते. ७×५० मधून डोळ्यांत येणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटर रुंद असतो. चाळिशीनंतर बहुतेकांची बाहुली तितकी विस्फारत नाही आणि उजळ आकाशात तर नाहीच, त्यामुळे तो प्रकाश वाया जातो.

विवर्धनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्थैर्य. हातात धरलेल्या दुर्बिणीत तारे सतत थरथरतात आणि ४० विकलांच्या आतील जोड्या त्या थरथरीत एक होतात. साधी छायाचित्रणाची तिपाई आणि तिच्यावर द्विनेत्री बसवणारी जोडपट्टी यांनी जो फरक पडतो, तो महागड्या भिंगांनीही पडत नाही. तिपाई नसेल तर गॅलरीच्या कठड्यावर कोपर टेकावे किंवा पाठ मागे झुकणाऱ्या खुर्चीत बसून पाहावे. प्रतिमा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या द्विनेत्री जपानी दुकानांत सहज मिळतात. किंमत परवडत असेल तर जोडताऱ्यांसाठी त्यांच्यासारखे साधन नाही.

प्रथम डावी बाजू मधल्या चाकाने आणि मग उजवी बाजू नेत्रिकेवरील कड्याने, अशी स्वतंत्रपणे स्पष्ट करून घ्यावी. चष्म्याचा क्रमांक नुसता जवळचा किंवा दूरचा असेल तर चष्मा काढून चालते. दृष्टिवैषम्य असेल, म्हणजे चष्म्यात तिरकस अक्षाचा क्रमांक असेल, तर तारा बिंदूऐवजी रेघ दिसतो. अशांनी चष्मा लावूनच पाहावे.

द्विनेत्रीला खेळणे समजण्याचे कारण नाही. जपानमधील युजी ह्याकुताके यांनी जानेवारी १९९६ अखेर शोधलेला आणि पुढे जगभर नुसत्या डोळ्यांनी दिसलेला धूमकेतू २५×१५० च्या द्विनेत्रीतूनच सापडला होता.

पहिली पायरी : वसिष्ठ आणि अरुंधती

भारतीय तर्कपरंपरेत अरुंधतीदर्शन नावाचा न्याय आहे. मंद अरुंधती एकदम दिसत नाही, म्हणून आधी तिच्याजवळचा ठळक तारा दाखवावा आणि मग त्यावरून तिच्याकडे नजर न्यावी, असा त्याचा आशय. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हा दृष्टांत वापरला आहे. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाण्याची ही रीत जोडताऱ्यांच्या अभ्यासालाही जशीच्या तशी लागू पडते, आणि सुरुवातही त्याच ताऱ्यांपासून करणे योग्य.

सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याची प्रत २.२. त्याच्यापासून सुमारे १२ कलांवर ४.० प्रतीची अरुंधती आहे. दोघेही पृथ्वीपासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर आहेत. आज दिसणारा त्यांचा प्रकाश भारत स्वतंत्र होण्याच्या सुमारास निघालेला आहे. वसिष्ठ स्वतः १४ विकलांवरील जोडतारा असून दुर्बिणीतून ओळखल्या गेलेल्या आद्य जोडताऱ्यांत त्याची गणना होते. पण त्याचे विलगीकरण सामान्य द्विनेत्रीच्या आवाक्याबाहेरचे आहे. पुढे त्या दोन भागांपैकी प्रत्येक भाग स्वतः द्वैती असल्याचे आढळले आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद लाल साथीदार सापडला. ज्याला जोडपे समजले जाते, ते सहा ताऱ्यांचे कुटुंब आहे.

महाराष्ट्रात विवाहविधीत वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवण्याची प्रथा आहे. याच ताऱ्याशी दुसरी, अधिक गंभीर समजूतही जोडलेली आहे. सुश्रुतसंहितेत आयुष्य सरत आल्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अरुंधती न दिसणे हे एक आहे. जपानी लोकपरंपरेतही हा तारा असाच ओळखला जातो. त्याला सोएबोशी, म्हणजे सोबतीचा तारा, म्हणतात. आणि जुम्योबोशी, म्हणजे आयुर्मानाचा तारा, असेही म्हणतात. ज्याला तो दिसत नाही तो वर्षअखेरीपर्यंत जगत नाही, अशी ही समजूत. दोन दूरच्या समाजांनी एकाच मंद ताऱ्याला एकच प्रश्न विचारला, हे लक्षणीय आहे. मुळात ही वृद्धापकाळाने क्षीण होणाऱ्या दृष्टीची परीक्षा असावी.

आज उरायासुत ही परीक्षा बहुतेक रात्री तरुणांनाही उत्तीर्ण होता येणार नाही. त्यात दोष डोळ्यांचा नसून दिव्यांचा आहे. कोणतीही द्विनेत्री लावली की, अरुंधती क्षणात प्रकट होते. एप्रिल ते जून या महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास ही जोडी उत्तरेच्या आकाशात ७० अंशांपर्यंत उंच असते. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंश, तर उरायासुत साडेपस्तीस अंश उंच दिसतो. त्यामुळे पुण्यात मावळणारी अरुंधती येथे क्षितिजाला टेकून पुन्हा वर चढते.

उन्हाळा : तानाबाताचे आकाश

सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीला विणकर राजकन्या ओरिहिमे आणि गुराखी हिकोबोशी आकाशगंगा ओलांडून भेटतात, ही तानाबाताची कथा जपानी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. ओरिहिमे म्हणजे अभिजित आणि हिकोबोशी म्हणजे श्रवण. सण ७ जुलैला येतो, तेव्हा उरायासुत बहुधा पाऊस असतो. जपानची राष्ट्रीय वेधशाळा जुन्या चांद्रपंचांगानुसार येणारी तानाबाताची तारीखही दरवर्षी जाहीर करते. ती बहुधा ऑगस्टमध्ये पडते आणि निरीक्षणाला तीच सोयीची.

ऑगस्टच्या मध्यावर रात्री नऊला अभिजित जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्याच दृष्टिक्षेत्रात एप्सिलॉन स्वरमंडल ही २०८ विकलांवरची, साधारण सारख्या तेजाची जोडी आहे. मोठ्या दुर्बिणीतून यातील प्रत्येक तारा पुन्हा दुहेरी दिसतो, म्हणून तिला दुहेरी जोडतारा म्हणतात. जवळच झीटा स्वरमंडल ४४ विकलांवर आहे. तिला १० पट विवर्धन आणि तिपाई हवी. डेल्टा स्वरमंडल ही सुमारे १० कलांची रुंद जोडी तांबूस आणि निळसर रंगांच्या विरोधासाठी पाहावी.

हंसाच्या चोचीतील बीटा, म्हणजे अल्बिरिओ, हा जोडताऱ्यांतील सर्वाधिक लोकप्रिय. ३५ विकलांवर एक सोनेरी आणि एक निळा तारा. ७ पटीत तो हुलकावणी देतो, तिपाईवरील १० पटीत स्पष्ट विलग होतो. ही जोडी गुरुत्वाने बांधलेली आहे की नुसती भासमान, हा प्रश्न जुना आहे. गाया या युरोपीय अवकाशयानाच्या मोजमापांनंतर ती भासमान असण्याकडे कल झुकला आहे. हंसातीलच ओमिक्रॉन ही जोडी, ३३७ विकलांवरील नारिंगी आणि निळसर तारे, कोणत्याही द्विनेत्रीतून दिसते. कालेय तारकासमूहाच्या मस्तकातील न्यू ही ६२ विकलांवरची जोडी तर जणू एकाच साच्यातून काढलेली: दोन्ही तारे ४.९ प्रतीचे, दोन्ही शुभ्र.

दक्षिणेची गॅलरी

जून-जुलैत पाऊस उघडेल त्या रात्री दक्षिणमुखी गॅलरीतून तूळ राशीतील अल्फा पाहावा. हा विशाखा नक्षत्राच्या परिसरातील, २३१ विकलांवर साथीदार असलेला तारा. वृश्चिकाच्या शेपटीच्या आरंभी म्यू ही ३४६ विकलांवरची जोडी आहे. दोन तारे आळीपाळीने लुकलुकताना कुस्ती खेळल्यासारखे दिसतात, म्हणून जपानी लोकभाषेत त्यांना सुमोतोरीबोशी, सुमो मल्लांचे तारे, म्हणतात. पुण्याच्या आकाशात ते ३३ अंशांपर्यंत चढतात. उरायासुत जेमतेम १६ अंश. म्हणून समोर इमारत असलेल्या गॅलरीतून ते दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी किनारा गाठावा.

सप्टेंबरच्या आरंभी रात्री नऊला मकर दक्षिणेला येतो. त्याचा अल्फा ३८० विकलांवर दोन पिवळसर ताऱ्यांत विभागतो. भासमान जोडीचे हे नमुनेदार उदाहरण आहे: एक तारा सुमारे १०० प्रकाशवर्षांवर, दुसरा त्याच्या कित्येक पट दूर. त्याच्या खालचा बीटा मात्र, जाणकारांच्या मते, खऱ्या अर्थाने एकत्र असलेला समूह. एकाच दृष्टिक्षेत्रात योगायोग आणि नाते शेजारी-शेजारी पाहायला मिळते.

हिवाळा

जानेवारीत रोहिणीच्या जवळ थीटा वृषभ ही ३३७ विकलांवरची जोडी सहज दिसते. मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत वरचा डेल्टा ५३ विकलांवर एक मंद साथीदार बाळगतो. अंतर पुरेसे असूनही तेजातील तफावत मोठी असल्याने ही जोडी धीर पाहते. मृगाच्या पायाशी असलेल्या शशकातील गॅमा ही ९७ विकलांवरची जोडी अवघ्या २९ प्रकाशवर्षांवर आहे.

फेब्रुवारीच्या स्वच्छ संध्याकाळी किनाऱ्यावरून अगदी दक्षिणेला अगस्त्य शोधण्याचा प्रयत्न करता येतो. तो येथे क्षितिजावर दोन अंशांपलीकडे चढत नाही. पुण्यात तो १९ अंशांजवळ असतो. चिबा प्रांताच्या दक्षिण टोकावरील मेरा या कोळीगावाच्या नावावरून त्याला मेराबोशी म्हणतात आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्यांचे आत्मे म्हणजे तो तारा, अशी आख्यायिका आहे. अगस्त्य जोडतारा नव्हे, पण त्याच्या दर्शनाने आयुष्य वाढते अशीही समजूत पूर्व आशियात असल्याने निरीक्षक वहीत त्याला जागा देतातच.

निवडक जोड्या : सोप्याकडून कठीणाकडे

वसिष्ठ–अरुंधती : १२ कला, प्रती २.२ व ४.०. कोणतीही द्विनेत्री.
अल्फा मकर : ३८० विकला, ३.६ व ४.३. कोणतीही द्विनेत्री.
म्यू वृश्चिक : ३४६ विकला, ३.० व ३.६. क्षितिज मोकळे हवे.
थीटा वृषभ : ३३७ विकला, ३.४ व ३.८. कोणतीही द्विनेत्री.
ओमिक्रॉन हंस : ३३७ विकला; ३.८ व ४.८. रंगांसाठी पाहावी.
अल्फा तूळ : २३१ विकला, २.७ व ५.२. ७ पट पुरे.
एप्सिलॉन स्वरमंडल : २०८ विकला, दोन्ही सुमारे ४.६. ७ पट पुरे.
बीटा मकर : २०५ विकला, ३.१ व ६.१. ७ पट पुरे.
गॅमा शशक : ९७ विकला, ३.६ व ६.३. ८ ते १० पट.
न्यू कालेय : ६२ विकला, ४.९ व ४.९. ८ ते १० पट, हात स्थिर हवा.
डेल्टा मृग : ५३ विकला; २.२ व ६.८. १० पट, तिपाई.
झीटा स्वरमंडल : ४४ विकला, ४.३ व ५.६. १० पट, तिपाई.
न्यू वृश्चिक : ४१ विकला, ४.२ व ६.६. १० पट, तिपाई.
डेल्टा वृषपर्वा : ४१ विकला, रूपविकारी तारा, साथीदार ६.३. १० पट, तिपाई.
बीटा हंस : ३५ विकला, ३.१ व ५.१. १० पट, तिपाई.
६१ हंस : ३२ विकला, ५.२ व ६.१. १० पट, तिपाई.
आयोटा कर्क : ३० विकला, ४.१ व ६.०. १० ते १५ पट, तिपाई.
अल्फा शामशबल : १९ विकला, २.९ व ५.५. १५ पट किंवा अधिक.

यांतील ६१ हंस विशेष उल्लेखनीय. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेल याने याच ताऱ्याचे अंतर मोजून जाहीर केले आणि ताऱ्यांच्या दूरत्वाचा विश्वसनीय आकडा मानवाला प्रथम मिळाला. तो ११.४ प्रकाशवर्षांवर असून दोन नारिंगी तारे सुमारे सात शतकांत एक फेरी पूर्ण करतात. ती फेरी कोणाला आयुष्यात दिसणार नाही; पण ही जोडी पार्श्वभूमीच्या ताऱ्यांतून वर्षाला पाच विकलांहून अधिक सरकते. तिशीत काढलेले तिच्या परिसराचे रेखाचित्र साठीत पुन्हा ताडून पाहिले, तर अडीच कलांहून अधिक सरकलेली जोडी १० पट द्विनेत्रीतही ओळखू येईल. इतर तारे स्थिर भासतात. हा माणसाच्या आयुष्याच्या मापाने चालतो.

पुण्यातील २४४ जोडतारे

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फारसा परिचित नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अभियंता कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब याने १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारली. डोलंड बनावटीच्या पाच फुटी दुर्बिणीतून त्याने केलेल्या निरीक्षणांतून २४४ जोडताऱ्यांची सूची तयार झाली आणि ती १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर झाली. वरच्या यादीतील न्यू वृश्चिक या जोडीतील मंद साथीदार स्वतःही दुहेरी आहे, हे जेकबने ओळखले होते. पुढे तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. १८५५ मध्ये त्याने ७० भुजंगधारी या द्वैती ताऱ्याच्या कक्षेतील विसंगतीवरून तेथे ग्रह असण्याची दाट शक्यता वर्तवली. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण परक्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा निरीक्षणांच्या आधारे केलेला तो फार जुना दावा होय. १८६२ मध्ये पुण्याजवळ नवी वेधशाळा उभारण्याच्या हेतूने तो परतला आणि पोहोचताच काही दिवसांत तेथेच त्याचे निधन झाले.

हौशी निरीक्षणाची परंपरा पुण्यात पुढेही रुजली. १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आजही कार्यरत आहे. परदेशी राहणाऱ्या अनेकांनी पहिला जोडतारा अशाच एखाद्या मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमात पाहिलेला असतो.

नोंदवही

पाहिलेले लिहून ठेवले नाही, तर दुसऱ्या वर्षी निरीक्षण पुन्हा शून्यापासून सुरू होते. प्रत्येक नोंदीत दिनांक, वेळ, जागा, द्विनेत्रीचे आकडे, तिपाई होती की नव्हती, आकाशाची स्थिती, जोडी विलग झाली की नाही, साथीदाराची दिशा आणि दोन्ही ताऱ्यांचे रंग लिहावेत. अंतर आणि दिशा पुस्तकात पाहण्याआधी स्वतःच्या अंदाजाने लिहिणे हितकारक. अपेक्षा डोळ्यांना सहज फसवते. रंग पाहताना दुर्बीण किंचित अस्पष्ट करावी, म्हणजे बिंदूची चकती होऊन रंग उठून दिसतो. विलग न झालेल्या जोडीचीही नोंद तितकीच मोलाची आहे. त्यावरूनच स्वतःच्या डोळ्यांची आणि साधनाची खरी मर्यादा कळते.

हेच निरीक्षण मायदेशातील आप्तांसोबतही करता येते. उरायासु पुण्याच्या सुमारे ६६ रेखांश पूर्वेला असल्याने प्रत्येक तारा येथे ४ तास २४ मिनिटे आधी मध्यमंडलावर येतो. घड्याळांतील फरक साडेतीन तासांचा असल्यामुळे, येथे रात्री नऊला माथ्याजवळ असणारा तारा पुण्यात तेथील घड्याळाप्रमाणे सुमारे ९ वाजून ५४ मिनिटांनी तशाच स्थितीत येतो. मे महिन्यात उरायासुच्या किनाऱ्यावर अरुंधती पाहून घरी परतलेल्या कुटुंबाला, पुण्यातील आजी-आजोबांना गच्चीवर जाण्याची आठवण फोनवरून करता येते. आजी-आजोबांच्या डोळ्यांना आता ती दिसत नसेल, तर त्यांच्याही हाती एक द्विनेत्री द्यावी. जुन्या समजुतीतील आयुष्याची परीक्षा ५० मिलिमीटरच्या भिंगाने सहज पार पडते.